कुंभारणीच्या घरातली अळी



आज निरूपणासाठी घेतला आहे श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद. याच स्कंधावर शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी टीका लिहिली. पैठणला आरंभ केला आणि शके १४९५ मध्ये काशीत ती पूर्ण केली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी ती पोथी देव्हाऱ्यात असेल. चातुर्मासात तुम्ही ती वाचतही असाल.

यदुराजानं एक अवधूत पाहिला. जवळ काही नाही, घर नाही, दार नाही, पण चेहऱ्यावर आनंद मावत नाही. राजा म्हणाला, महाराज, मी राजा असून मला जे मिळालं नाही, ते तुम्हाला कुठं मिळालं? अवधूत म्हणाला, राजा, मी चोवीस गुरू केले.

आता चोवीस गुरू म्हटल्यावर आपल्याला काय वाटतं? मोठमोठे मठ असतील, गाद्या असतील. यादी ऐका! पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी. इथवर ठीक. पुढं अजगर, मधमाशी, हत्ती, मासा, साप, कोळी. आणि पिंगला नावाची वेश्या! अजगराकडून काय घेतलं? जे मिळेल त्यात समाधान. पिंगलेकडून काय घेतलं? आशा सोडली की सुखाची झोप लागते, हे घेतलं. कबुतर पिलांच्या मोहापायी जाळ्यात सापडलं, त्याच्याकडून मोहाचा परिणाम शिकला. पण बरं का, कबुतराची निंदा नाही केली. त्यालाही गुरूच म्हटलं. आपण असतो तर? अजगराला आळशी म्हटलं असतं आणि पिंगलेच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावला असता. जग तेच आहे मायबाप, त्याला चोवीस गुरू दिसले, आपल्याला चोवीस चुका दिसतात.

आणि या यादीतला शेवटचा गुरू कोण? कुंभारीण माशी. तुमच्या घरात भिंतीच्या कोपऱ्यात, तुळईला, कधी देव्हाऱ्याच्या मागंही मातीचं इवलंसं घर करते ना, तीच. ती एक अळी धरून आणते आणि त्या घरात कोंडते. अळी भीतीनं त्या माशीचंच चिंतन करत राहते, आणि चिंतन करता करता तीच होऊन जाते. अवधूतांनी सार काढलं, की प्रेमानं असो, द्वेषानं असो, भीतीनं असो, मन ज्याला धरून बसतं त्याच्यासारखं होतं. कंसानं भीतीनं कृष्णाला धरलं, शिशुपालानं द्वेषानं धरलं. त्यांनी धरला होता भगवंत, म्हणून ते तरले. आपण द्वेषानं काय धरतो? शेजाऱ्याचा खोटेपणा, जावेचं टोचून बोलणं, भावाचा लोभ. मग आपण काय होणार, तुम्हीच सांगा.

आता शाळा शिकलेली पोरं म्हणतील, महाराज, अळीची माशी होत नसते. कुंभारीण अळीला नांगी मारते, ती मरत नाही, नुसती लुळी पडते. माशी तिच्याबरोबर आपलं अंडं ठेवते आणि घर लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. बाळांनो, तुमचं खरं आहे. पण मग हा दृष्टांत आणखीच जवळ आला की! दुसऱ्याचा दोष मनात आणून ठेवला, वरून माती लिंपली, कुणाला दिसू दिलं नाही. आतल्या आत तो वाढतो. कुणाला खाऊन वाढतो? आपल्याला.

दुसऱ्याची गोष्ट सांगितली असती तर बरं दिसलं असतं. पण ही माझीच आहे. माझा आणि थोरल्या भावाचा बांधावरून वाद. दीड गुंठ्याचा. मोजणी झाली, खुणा रोवल्या, खुणा उपटल्या. नऊ वर्षं बोलणं बंद. घराच्या मधोमध भिंत घातली. आई सहा महिने त्याच्याकडं, सहा महिने माझ्याकडं. ती मधल्या भिंतीला टेकून बसायची. दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून. आणि मी? मी गावोगाव सांगत फिरत होतो, सगळ्या भूतांच्या ठायी भगवंत पाहा!

एका गावी कीर्तन झाल्यावर एक म्हातारी पाया पडली. म्हणाली, "महाराज, माझी जाऊ माझ्याशी बोलत न्हाई. आजपासनं मीच बोलते. तुमच्या घरी समदे एका जाग्यावर हायत ना?" मी "हो" म्हणालो. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात खोटं. त्या रात्री झोप आली नाही.

त्या वर्षी वारीला निघताना ठरवलं, रोज दादाचा एक गुण आठवायचा. दिवेघाट चढत होतो. मन काय सांगत होतं? त्यानं पाण्याची पाळी कशी चुकवली, चारचौघांत काय बोलला. गुण एकही सापडेना. सासवडचे दोन मुक्काम झाले, तरी नाही. जेजुरी मागं पडली, वाल्हे आलं. नीरेच्या वाटेवर चालताना टाळांची दोरी मानेला काचत होती म्हणून मी ती सारखी केली, आणि हात तिथंच थांबला. ते टाळ दादानं घेऊन दिले होते. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. शाळा सोडून रोजगाराला गेला, आणि पहिल्या पैशांतून मला टाळ आणले. त्याच टाळांवर मी नऊ वर्षं देव गात होतो. विसरलो होतो म्हणावं, तर तसं नाही. बघायचं नव्हतं.

परत आल्यावर प्रसाद घेऊन गेलो. दादा ओसरीवर बसला होता. पाया पडलो. म्हणाला, "पाय दुखत असतील, बैस." एवढंच. दीड गुंठ्याचा वाद अजून मिटलेला नाही. गुण पाहायचा म्हणजे चुकीला बरोबर म्हणायचं, असं नाही. बांधाचा निकाल कागदावर लागेल. पण आईला आता भिंतीला टेकून बसावं लागत नाही.

मायबापहो, वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. जात विचारत नाही, वय विचारत नाही. ते सोपं आहे, कारण समोरच्याचे दोष आपल्याला ठाऊक नसतात. ज्याचे दोष ठाऊक आहेत त्याच्या पाया पडणं, ही खरी वारी. म्हणून आज एक नेम घेऊन जा. संध्याकाळी हरिपाठाला बसण्याआधी, ज्याचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते, त्याचा एक गुण आठवा. नाही सापडला तर उद्या शोधा. मलाही नीरेपर्यंत चालावं लागलं.

ज्यांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, त्या माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि देवाकडं पसायदान मागितलं. छळणाऱ्यांना शिक्षा मागितली का? नाही. दुष्टांमधला वाकडेपणा तेवढा जावो आणि माणसं एकमेकांची जिवलग होवोत, हे मागितलं. म्हणजे दुष्ट म्हटला तरी वाकडेपणा निराळा आणि माणूस निराळा, हे त्यांना दिसत होतं. तेवढी दृष्टी पांडुरंग तुम्हाला देवो, मला देवो.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!