पावतीपुस्तक कोणाच्या गल्ल्यात?



व्यसनमुक्तीच्या संमेलनाला तुम्ही आयुष्यभर दारूच्या दुकानांची दप्तरं तपासलेला माणूस अध्यक्ष म्हणून निवडलात, त्याबद्दल आभार. काहींनी नाकं मुरडली म्हणे. त्यांचेही आभार.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अल्पवयीनांचं मद्यपान आणि राज्याराज्यांतले कायदे : एक आढावा’ असा विषय छापला आहे. तो उरकून घेतो. दारूसाठी वय किती, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. गोव्यात २१, दिल्लीत २५, आपल्याकडे बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. त्यावर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ देशभर लागू : अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाला आढावा.

आता मूळ मुद्दा. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा अजून हयात आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकत घेणं, बाळगणं, पिणं हा गुन्हा आहे. दुकानदाराला परवाना लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पिणाऱ्यालाही लागतो, हे या मंडपात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, उगाच शोभा व्हायची. आयुष्यभराचा हजार रुपयांना, वर्षाचा शंभरला, आणि एका दिवसाचा विदेशीसाठी पाच, देशीसाठी दोन रुपये. हा परवाना वय बघून द्यायचा असतो. म्हणजे पोराला अडवायची जागा कायद्यानं केव्हाच करून ठेवली आहे. आणि आपण काय केलं? त्या एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं विकणाऱ्याच्याच गल्ल्यात ठेवून दिली!

बाजाराच्या दिवशी रात्री दुकान बंद व्हायच्या बेताला जाऊन बघा. गिऱ्हाईक पांगलेलं असतं आणि मॅनेजर पुस्तक पुढ्यात घेऊन एकाच पेनानं भराभरा नावं भरत असतो. एका देशीच्या दुकानात मला ती नावं ओळखीची वाटायला लागली. मतदारयादी मागवली, तर याद्यांचा क्रम तंतोतंत जुळला. त्यात दोघं वारलेले होते, एक माळकरी आजोबा होते, आणि झाडून सगळ्यांचं वय पस्तीस. मी अहवाल धाडला. साहेबांचा शेरा आला : ‘शुल्क भरणा झाला असल्याने आक्षेप निकाली.’ तो शेरा मी आजवर कुठल्या व्यासपीठावर वाचून दाखवला नव्हता. नोकरी होती, पेन्शन होती. आता दोन्हींची भीती उरलेली नाही.

कालच्या परिसंवादात प्राध्यापक मंडळींनी वयावरून रान उठवलं. मतदान अठराव्या वर्षी, मग पेला पंचविसाव्या वर्षी का? अहो, हा वाद दुकानाच्या खिडकीशी कधी झालेलाच नाही. तिथे पाचवीतलं पोरगं पिशवी घेऊन येतं आणि म्हणतं, “बाबांनी सांगितलंय, नेहमीची.” दुकानदार देतो, कारण नाही दिली तर बाप येऊन आई-बहीण काढतो. अशा एका बापाला मी बसवून घेतलं होतं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, पोरगं पितंय थोडंच? नुसतं आणतंय.” अठरा, एकवीस की पंचवीस, हे त्याला कोणत्या तोंडानं समजावायचं?

दुसरा गट म्हणतो, सरसकट बंदी करा. गावच्या दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली निवडून आणणाऱ्या बायाबापड्या इथे समोर बसल्या आहेत. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बंदी असलेल्या एका तालुक्यात एसटी थांबवून आम्ही झडती घेतली, तेव्हा नववीतल्या मुलाच्या दप्तरात भूगोलाच्या वहीखाली दारूच्या चपट्या निघाल्या. काच काचेवर वाजू नये म्हणून प्रत्येकीला शाळेचा मोजा चढवलेला. पोरगं रडलं नाही. फेरीमागे किती मिळतात, ते त्यानं न विचारता सांगितलं. बंदी उठवा असं मी यावरून म्हणत नाही. पण बंदी आली की पोर सुटलं, असं कोणी म्हणालं की मला ते मोजे दिसतात.

परवाना मागणं व्यवहारात शक्यच नाही, हे मला तीस जणांनी तरी ऐकवलं असेल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरपोच दारूची मुभा मिळाली ती परवाना असलेल्यालाच, आणि तो ऑनलाइन काढायची सोय होती. म्हणजे महसूल अडला तेव्हा जमलं! मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. जामिनाची अट म्हणून त्याला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र पेटून उठला, आणि रास्तच होतं ते. दारू देणाऱ्यांवर कलम ७७ ही लागलं. पण बारमधल्या त्या मुलाच्या टेबलावर परवाना कोणी मागितला होता का, हा प्रश्न एका तरी अग्रलेखात वाचलात? मी शोधला. नाही सापडला.

पुढच्या वर्षभरात काय करायचं? परवान्यांची पुस्तकं गल्ल्यातून काढून कुठे ठेवायची, तलाठ्याकडे की पोस्टात, की आधारला जोडायची, यावर एक समिती नेमू. शाळांशीही बोलावं लागेल. तपशील कार्यकारिणीनं बघावेत, माझं आता वय झालं.

राहिले ठराव. ‘शासनाने अधिक कडक कायदा करावा’ हा शेवटचा ठराव अध्यक्षानं वाचायची प्रथा आहे, असं सचिवांनी कालच सांगितलं. तो मी वाचणार नाही. सचिवांनी वाचावा.