परिचारिका आणि आपण



सावित्रीबाई फुल्यांची तसबीर शाळाशाळांतून असते. मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या शिक्षिका म्हणून त्यांची माहिती मुलांना तोंडपाठ असते. पण त्यांचा अंत कशाने झाला, असे विचारा. वर्ग बहुधा गप्प बसेल. १८९७ साली पुण्याकडे प्लेगाची साथ होती. घरची माणसे घरच्याच रोग्याजवळ जायला धजत नव्हती. सावित्रीबाईंचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. त्यातच त्यांना बाधा झाली व १० मार्च रोजी त्या गेल्या. शाळेतल्या सावित्रीबाई आपण ध्यानात ठेवल्या. रोग्याच्या उशाशी बसलेल्या विसरलो.

परिचारिकेच्या बाबतीत पुष्कळदा असेच होते. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले, आणि पुढे तेथल्या स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, या गोष्टी तेव्हा लोकांना पटणाऱ्या नव्हत्या. हा आडपडदा आजही पुरता गेलेला नाही. ‘नर्स आहे’ म्हटल्यावर स्थळ पाहणारे अजून नाक मुरडतात. मात्र त्यांच्याच घरच्या बाळंतपणात पहिली हाक तिलाच जाते!

सिनेमानेही तिला न्याय दिला, असे फारसे म्हणता येत नाही. आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे त्यांनी चिंगलान यांच्याशी विवाह केला. या बाई परिचर्या शिकवीत असत. १९४६ साली व्ही. शांतारामांनी कोटणिसांची कहाणी पडद्यावर आणली. डॉक्टर घरोघर पोचले. बाई मात्र लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या नायिका म्हणून. एरवी पडद्यावरची नर्स ट्रे घेऊन येते, रोगी शुद्धीवर आल्याचे सांगते आणि निघून जाते. १९७० च्या ‘खामोशी’त वहिदा रहमानने रंगवलेली नर्स हा वेगळा अपवाद. रोग्याला माया लावताना तिच्या मनाचे काय होते, ते तेथे दिसते.

खरे काम कसे असते? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आठवा. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आपल्याकडचे सास्तूर आणि भोवतालची गावे ढिगारा झाली. हाडे मोडलेली, पाठीचा कणा दुखावलेली माणसे रुग्णालयांत नेली. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत आटोपते. पुढे आठवडेच्या आठवडे रोगी पडून असतो. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग पुसायचे, लघवीची नळी पाहायची, ताप-नाडी टिपून ठेवायची, आणि घरचे सगळे गमावलेल्या माणसाला दोन घास खायला लावायचे. औषध डॉक्टर लिहितो, पण रात्र काढते ती परिचारिका.

आता गावात या. सपाट मुलखात साधारण पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र धरलेले असते. तेथली नर्सबाई गरोदर बायांची नोंद ठेवते, बाळंतपण पाहते, लस दोन ते आठ अंश थंडाव्यात जपून वस्तीवर नेते. बाळाला लस दिली की रात्री ताप येतो, आणि सकाळी बोल बाईलाच! तो ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, हे तिने आदल्या दिवशी सांगितलेले असते. आपण ऐकलेले नसते.

म्हणून गावकऱ्यांना एवढेच सांगणे, की तिच्या खोलीला पाणी आणि दिवा आहे ना, ते पाहा. रात्री बोलावलेत तर न्यायला आणि पोचवायला जबाबदार माणूस पाठवा. औषध संपले असेल, तर तो राग तिच्यावर काढू नका.

आणि गुरुजींनो, बारावीनंतर परिचर्येचे दोन व तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, चार वर्षांची पदवीही आहे. मुलींना सांगा, मुलांनाही सांगा. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात, पण तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. १० मार्चला शाळा भरलेली असते. त्या दिवशी सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घाला आणि गावच्या नर्सबाईला वर्गात बोलवा. तिला नावाने हाक मारा, तिच्याकडून मुलांना नाडी मोजायला शिकू द्या. सावित्रीबाईंचा राहिलेला धडा त्या दिवशी पुरा होईल.