चार सुती बोल्ट, पण कुठला?

(खरगपूर येथे गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



'जुन्या मोटारींची दुरुस्ती' हा विषय पाहून रंग, चामड्याच्या सीटा, चकचकीत दिवे यांबद्दल ऐकायला मिळेल असं तुम्हांला वाटलं असेल. मी मात्र नट-बोल्टांबद्दल बोलणार आहे. मी डिप्लोमावाला, रेल्वेतला माणूस. माझी नजर आधी तिकडेच जाते.

आपण दुकानात म्हणतो, "चार सुती बोल्ट द्या." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. पण अर्ध्या इंचाचे बोल्ट नाना प्रकारचे. व्हिटवर्थला इंचात १२ आटे, बीएसएफला १६, अमेरिकन पद्धतीच्या यूएनसीला १३ आणि यूएनएफला २०. कोनही वेगळा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये ५५ अंशांचा आटा मांडला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा सुचवला. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचा युनिफाइड आटा स्वीकारला. म्हणून त्याआधीची ब्रिटिश गाडी असेल तर बहुधा व्हिटवर्थ किंवा बीएसएफ, युद्धकाळातली जीप असेल तर अमेरिकन इंची आटे आणि फियाट असेल तर मेट्रिक.

धोका 'जवळजवळ बसतो' यात आहे. १२ आट्यांच्या बोल्टवर १३ चा नट हातानं एक-दोन फेरे जातो, मग अडतो. मेकॅनिक लांब पाना लावतो आणि आटे मरतात. पाव इंचात तर व्हिटवर्थ आणि यूएनसी दोघांनाही २० आटे! नट सरळ चढतो. पण कोन जुळत नसल्यानं आट्यांच्या बाजू एकमेकींवर नीट टेकत नाहीत. हादऱ्यांनी असा नट सैल होतो.

एक गंमत सांगतो. एमजी टीसी ही १९४५ ते १९४९ मधली इंग्लिश गाडी. तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्याचं! कारण मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, आणि इंग्लंडभर पाने व्हिटवर्थचे. त्यामुळे पाना बसला म्हणून आटा ओळखला, असं समजू नये.

मग बोल्ट मिळवायचा कसा? पहिलं, गाडी खोलताना एकही जुना बोल्ट फेकू नका. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवा. दुसरं, व्हर्नियरनं जाडी आणि पिच गेजनं आटे मोजा. डोक्यावरच्या खुणा लिहून ठेवा. तिसरं, शोध. आपल्याला जवळचा कोलकात्याचा मल्लिक बाजार. मुंबईत चोर बाजार आणि हार्डवेअरसाठी नागदेवी. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ आणि बीएसएफ बोल्ट आजही नवे तयार होतात. काहीच नाही मिळालं, तर चांगल्या टर्नरकडून करून घ्या. पण स्टिअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट लेथवर हौसेनं करू नका. तिथं योग्य पोलादाचे, उष्णतोपचार केलेले, शक्यतो रोल केलेल्या आट्यांचेच हवेत.

चमक बघून स्टेनलेस लावण्याचाही मोह होतो. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलच्या आसपास कायमचा ताणला जाऊ लागतो, ८.८ प्रतीचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. नंबर प्लेटला स्टेनलेस खुशाल लावा, स्टिअरिंगला नको. जुन्या बोल्टांवर अनेकदा कॅडमियमचा मुलामा असे. कॅडमियम विषारी, म्हणून आता जस्ताचा मुलामा देतात. मात्र जास्त कडक बोल्टांना मुलाम्यानंतर भट्टीत तापवून आत शिरलेला हायड्रोजन काढावा लागतो. नाहीतर बोल्ट वरून नवा दिसतो आणि एके दिवशी अचानक तुटतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नियम बोल्ट मोजत बसत नाही. पण गाडीत आपली माणसं बसणार आहेत, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

शेवटी एक विनंती. वाफेच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेले फिटर-टर्नर आपल्या ओळखीत आहेत. व्हिटवर्थच्या पान्यावर १/२ लिहिलेलं असतं ते बोल्टच्या जाडीचं, तोंडाच्या रुंदीचं नव्हे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या घरी स्वतःचे असे पाने, टॅप, डाय माळ्यावर पडून असतील. ते भंगारवाल्याला देण्याआधी मला एक निरोप द्या. आणि त्या काकांजवळ तासभर बसून आटा कसा ओळखायचा ते आपल्या मुलांना शिकू द्या. बाजारात बोल्ट आज ना उद्या मिळेल. बोटानं आटा ओळखणारा माणूस मिळणार नाही.



गणपती बाप्पा मोरया!