मोटारीचा रंग आणि पावसाआधींचे किडे

मंडणगडच्या बाजूला रोहिणी नक्षत्र सरत आलें, कीं हवा जड होते, आभाळ भरून येतें आणि एखाद्या संध्याकाळीं वळवाची सर कोसळून जाते. ती थांबल्यावर थोड्याच वेळांत जांभ्या मातींतून, वारुळांच्या तोंडांतून, पंख फुटलेली वाळवी हजारोंच्या संख्येनें बाहेर पडते. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचें मरण जवळ आलें, असें म्हणतात. वाळवी ही खरी मुंगी नव्हे, शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळांत घालतात. तरी म्हण तिलाहि लागू पडते. उडण्याची तिची शक्ति बेताची आणि दिव्याची ओढ मात्र अनावर. नेमके याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी सुटी आटोपून परत निघालेले असतात, आणि उन्हाचा ताप नको म्हणून निघतात ते दिवस मावळल्यावर. म्हाप्रळच्या बाजूनें सावित्रीची खाडी ओलांडीपर्यंत रस्ता वळणावळणाचा, दोहों अंगांना झाडी, आणि त्या सगळ्या काळोखांत प्रखर उजेड काय तो मोटारीच्या दिव्यांचा.

पहांटे मोटार घरीं पोंचते, तेव्हां तिचें नाक, दिव्यांच्या कांचा, बंपर आणि बॉनेटची पुढची कड पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनीं माखलेली असते. मालक दमलेला असतो. "पाऊस येईल आणि धुवून जाईल," असें म्हणून तो झोपावयास जातो. दुसऱ्या दिवशीं कचेरी, तिसऱ्या दिवशीं आणखी कांहीं. मध्यंतरीं पाऊस दडी मारतो आणि कडक ऊन पडतें. रविवारीं बादली घेऊन तो बाहेर येतो, तेव्हां ठिपके निघतात, परंतु त्यांच्या जागीं फिकट, निस्तेज वळीं उमटलेलीं दिसतात. तीं कितीहि पुसलीं तरी जात नाहींत, कारण तो मळ नव्हेच. रंगालाच पडलेली ती खांच आहे.

हें असें कां होतें, तें समजण्यासाठीं रंगाची घडण पाहावयास हवी. मोटारी जेव्हां नव्या होत्या, तेव्हां त्यांना घोडागाडीप्रमाणें तेलाचा रंग हातानें देत आणि तो वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. 1923 सालीं अमेरिकेंत ड्यूको नांवाचा लवकर वाळणारा रंग निघाला आणि तो खोळंबा संपला. सध्यांच्या मोटारीवर पत्र्याला लागून गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप असतो. डोळ्यांत भरणारी सारी चकाकी या लेपाची. त्याची जाडी सामान्यतः 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनहि कमी. एवढ्याशा कवचावर ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, आंब्याचा चीक आणि किड्यांची कलेवरें या सर्वांचा मारा चाललेला असतो.

किड्याचें बाहेरील कवच टणक असतें; आंत रक्तासारखा एक द्रव असतो आणि त्यांत प्रथिनें भरपूर असतात. आघात होतांच कवच फुटतें आणि तो द्रव लेपावर पसरतो. ताजा असतांना तो निरुपद्रवी म्हटला तरी चालेल. पण तो वाळूं लागला, म्हणजे अंड्याचा बलक ताटाला धरून बसावा तसा धरून बसतो, आणि कुजतांना अधिकाधिक आम्ल होत जातो. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत मे आणि सप्टेंबर महिन्यांत जोडीजोडीनें उडणाऱ्या एका काळ्या माशीचे थवे रस्त्यांवर उतरतात. मोटारीवर चिरडलेल्या या माशीचा द्रव आरंभीं जवळजवळ उदासीन असतो, एका दिवसांत मात्र त्याची आम्लता पुष्कळच वाढते, असें तेथें आढळलें आहे. त्यांतच उन्हानें बॉनेट तापलें, कीं वरचा लेप किंचित् मऊ पडतो आणि आम्लाला आंत शिरावयास वाट मिळते. गार झाल्यावर लेप पुन्हां आवळतो, पण खांच राहते ती राहतेच. तेव्हां येथें लढाई आहे ती मळाशीं नसून वेळेशीं आहे. चोवीस तासांच्या आंत ठिपके निघाले, तर रंगाला बहुधा कांहींच होत नाहीं.

आतां ते काढावे कसे? घाईनें कोरडें फडकें फिरविण्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाहीं. कोंकणांतून आलेल्या मोटारीवर जांभ्याची तांबडी धूळ असते. तिचे बारीक कण फडक्याखालीं कानसासारखे चालतात. किडा निघतो, पण गोल गोल ओरखड्यांचें जाळें मागें राहतें, आणि काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर तें सूर्यप्रकाशांत लांबूनहि दिसतें. म्हणून मोटार प्रथम सावलींत घ्यावी, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावें, आणि मग वरून खालीं भरपूर पाणी सोडून नुसती धूळ वाहून जाऊं द्यावी. मंडणगड तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण मे महिन्यांत तेथल्या वरच्या वाड्यांना पाण्याची चणचण भासते. तेथें एक बादली आणि एक तांब्या एवढ्यावरच भागवावें लागतें, आणि नीट केलें तर भागतेंहि.

खरें काम यापुढचें. एक मऊ, स्वच्छ कापड पाण्यांत भिजवून तें ठिपक्यांवर अंथरून ठेवावें आणि पांच-दहा मिनिटें तेथें हात लावूं नये. अंडें खाल्लेलें ताट आधीं थंड पाण्यांत भिजवावें, कढत पाणी घालूं नये, हें घरांतल्या बायकांना ठाऊक असतें. प्रथिनें उष्णतेनें घट्ट होतात, तोच न्याय येथें. पाणी साधें किंवा फार तर कोमट असावें. ठिपका फुगून सैल झाला, कीं मोटारीसाठीं मिळणारा सौम्य साबण पाण्यांत मिसळून मायक्रोफायबरच्या फडक्यानें, दाब न देतां, तो उचलून घ्यावा. न निघाल्यास पुन्हां भिजवावें. नखानें खरवडूं नये. फडकें वरचेवर पिळून त्याची बाजू बदलावी, नाहींतर एका किड्याचें कवच दुसऱ्या जागीं ओरखडा काढतें. शेवटीं स्वच्छ पाण्यानें धुवून कोरडें करावें.

काथ्या, तारेची घासणी, राख यांचें नांवहि घेऊं नये. रॉकेलनें पुसण्याची जुन्या ड्रायव्हरांची एक खोड आहे. रॉकेलनें डाग सुटल्यासारखा दिसतो, परंतु त्याबरोबर मेणाचा संरक्षक थरहि उतरतो, खिडक्यांचें रबर खराब होतें आणि तेलकट पृष्ठभागावर नवी धूळ चिकटून बसते. धुण्याचा सोडाहि त्याच तोडीचा. पुढच्या दिव्यांचीं आवरणें तर हल्लीं कांचेचीं नसून प्लॅस्टिकचीं असतात. त्यांवर थिनर किंवा पेट्रोल लावलें, तर तीं कायमचीं धुरकट होतात.

रंगापेक्षां मोठा धोका समोरच्या कांचेचा आहे, आणि तो त्याच रात्रीं असतो. कांचेवर चारदोन किडे फुटले, कीं हात आपोआप वायपरच्या कळीकडे जातो. कोरडा वायपर तो चिकट द्रव सबंध कांचेवर पसरवितो. समोरून दुसरी मोटार आली, कीं तिचा उजेड त्या साईवर फुटून क्षणभर कांहींच दिसत नाहीं. खाडीकडे उतरणाऱ्या वळणावर तेवढा क्षण पुरतो. निघण्यापूर्वीं कांच धुण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्यावी, आधीं पाणी सोडावें आणि मगच वायपर चालवावा. त्यानें भागत नसेल, तर गाडी सुरक्षित जागीं उभी करून ओल्या फडक्यानें कांच पुसावी. उशीर झाला तर झाला.

आधींच काळजी घेणें सर्वांत स्वस्त पडतें. मे महिन्याच्या आरंभीं पुढच्या भागावर मेणाचा हात दिलेला असला, तर किडा लेपाला न चिकटतां मेणाला चिकटतो आणि सहज सुटतो. सिरॅमिकचा लेप किंवा पारदर्शक फिल्म याहून टिकाऊ, पण खर्च मोठा. आणि त्यांनींहि धुण्याची गरज संपत नाहीं, विक्रेते कांहींहि सांगोत. बिनखर्चाचा उपाय वेगाचा. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून ताशीं 40 किलोमीटरांऐवजीं 80 नें गेलें तर तो चौपट होतो. सावकाश चालणाऱ्या गाडीवरून पुष्कळसे हलके किडे हवेच्या झोतानेंच वर निघून जातात. मुक्कामीं गाडी रस्त्याच्या दिव्याखालीं लावूं नये, हेंहि त्यांतच आलें.

येथें एक उलटी बाजूहि नोंदवावयास हवी. डेन्मार्कमध्यें 1997 ते 2017 या काळांत ठराविक रस्त्यांवर मोटार चालवून कांचेवर मेलेले किडे मोजले गेले. वीस वर्षांत त्यांची संख्या एका रस्त्यावर सुमारें 80 टक्क्यांनीं घटली होती. मंडणगडकडून येणाऱ्या गाडीचें नाक अजून माखतें, याचा अर्थ तेथलें रान अजून जिवंत आहे. त्याच पंधरवड्यांत काजवेहि निघतात आणि त्यांचे नर लुकलुकत माद्यांना शोधतात. मोटारीच्या झगझगीत उजेडांत त्यांची ती खूण बुडून जाते. काजव्यांनीं लखलखलेलें झाड दिसलें, तर गाडी बाजूला घेऊन दिवे थोडा वेळ मालविले, म्हणजे मुलांनाहि तें पाहतां येतें.

डाग राहून गेलाच असेल, तर बोटाचें टोक हळूच फिरवून पाहावें. खडबडीत लागलें, तर वर अजून कांहीं चिकटलेलें आहे. तें पुन्हां भिजवून निघेल. गुळगुळीत लागूनहि डाग दिसत असेल, तर लेप खाल्ला गेला आहे. सौम्य पॉलिशनें उथळ खांच बुजल्यासारखी होते, पण पॉलिश म्हणजे लेप घासून पातळ करणेंच; तें दर महिन्याला करण्याचें काम नव्हे. खांच खोल असल्यास जाणत्या रंगाऱ्याकडे जावें. आणि गाडी तेथें नेलीच आहे, तर रेडिएटरची जाळीहि पाहून घ्यावी. तिच्या पातळ पत्र्यांत किडे अडकून वाऱ्याची वाट बंद होते आणि घाट चढतांना इंजिन तापतें. इंजिन पूर्ण गार असतां, आंतून बाहेरच्या दिशेनें, हलक्या धारेनें पाणी सोडलें म्हणजे ते निघतात. जोराची धार मारली तर पत्रे वांकतात.