पिंगुळीची चित्रकथी : चित्र, वाणी आणि श्रोता



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एक व्रत चालविले आहे. रामायण-महाभारतातील कथा चित्रांच्या आधारे गाऊन सांगणे, हे ते व्रत. या कलेला आणि ती सादर करणाऱ्यालाही चित्रकथी म्हणतात. बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. या भूमीत चित्र आणि कथा यांचे नाते किती जुने आहे, याची त्यावरून कल्पना यावी.

एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. साधारण हातभर रुंदीच्या कागदावर एकेक प्रसंग रंगविलेला असतो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. त्यामुळे पान उलटताच पुढचा प्रसंग समोर येतो. रेषा ठसठशीत, डोळे मोठे, चेहरे बहुधा एका बाजूने दाखविलेले. देवळातील समईच्या उजेडातही श्रोत्याला राम कोण आणि रावण कोण हे कळावे, इतकी ती स्पष्टता. रंग पूर्वी वनस्पती आणि माती-दगड यांपासून घरीच सिद्ध केले जात.

कथेकरी पोथी पुढ्यात उभी धरून बसतो. वीणा, टाळ आणि हुडुक यांची साथ असते. चित्रावर प्रसंगाचा एकच क्षण असतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सारे कथेकऱ्याच्या वाणीत असते. कोणत्या चित्रावर किती थांबावे, कोठे गद्य बोलावे, कोठे पद उचलावे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. ते बापाच्या शेजारी बसून मुलाने आत्मसात करावयाचे असते. म्हणून चित्र हा या विद्येचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग माणसाच्या कंठात आहे.

सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. नवरात्रादी उत्सवांत देवळांतून कथा सांगण्याचा मान ठाकर कुटुंबांकडे असे. याच घरांनी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही सांभाळला. पुढे संस्थाने विलीन झाली, करमणुकीची साधने पालटली आणि रात्रभर कथा ऐकणारा श्रोता विरळ झाला. जुन्या पोथ्यांतील चित्रे संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आजही पाहावयास मिळतात. ती तेथे सुरक्षित आहेत. पण तेथे ती मुकी आहेत.

या पडत्या काळात पिंगुळीच्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी घरातली विद्या सोडली नाही. २००६ मध्ये त्यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले. जुनी चित्रे, बाहुल्या आणि वाद्ये तेथे जतन केली. विशेष हे की, तेथे पाहुण्याला वस्तू दाखवून परत पाठवीत नाहीत. त्याच्यासमोर खेळ होतो, कथा होते. पुढच्या पिढीनेही हे काम हाती घेतले आहे. २०२१ मध्ये भारत सरकारने गंगावणे यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा सन्मान एका व्यक्तीबरोबर एका समाजाच्या स्मरणशक्तीचाही होता.

पण सन्मानाने चूल पेटत नाही. आज चित्रकथीच्या शैलीतील एखादे सुटे चित्र सहज विकले जाते आणि दिवाणखान्यात चौकटीत लागते. त्यातून कलावंताच्या घरी चार पैसे येतात, हे चांगलेच आहे. परंतु ग्राहकाला फक्त चित्र हवे असेल, तर मुलगा चित्र काढावयास शिकेल आणि आख्यान विसरेल. बाजार ज्याची किंमत देत नाही, ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही, हा व्यवहार आहे. त्याबद्दल कलावंताला दोष देता येणार नाही.

कलावंताच्या मुलाने शिकू नये, नोकरी करू नये, संस्कृतीच्या रक्षणासाठी दारिद्र्यात राहावे, अशी अपेक्षा शहरातील सुस्थित माणसाने करणे हा तर अन्यायच ठरेल. त्या मुलाला शिक्षणाचा हक्क इतरांइतकाच आहे. शिकून-सवरूनही त्याला पोथी उघडाविशी वाटावी, अशी परिस्थिती निर्माण करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य अवघड नाही. गणेशोत्सवात ध्वनिवर्धकावर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग वळविला, तरी एका मंडळात एक रात्र चित्रकथी होऊ शकते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, व्याख्यानमालांत, संस्कारवर्गांत तिला स्थान देता येईल. कोकणात सहलीला जाणाऱ्या कुटुंबाने समुद्रकिनाऱ्याबरोबर पिंगुळीसाठीही दोन तास राखून ठेवावेत. मुलांना मांडी घालून कथा ऐकू द्यावी. आणि मानधन देताना घासाघीस करू नये. ते दान नव्हे, विद्येचे मूल्य आहे.

ठाकर समाजाने पोथी शतकानुशतके सांभाळली. आता तिच्यासमोर श्रोता म्हणून बसण्याची पाळी इतरांची आहे.