खताच्या गोणीमागचा मोरोक्को



पेरणी तोंडावर आली, की कृषी सेवा केंद्रासमोर डीएपीसाठी रांग लागते. गोणीवर 18:46 असे आकडे छापलेले असतात. 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. हे स्फुरद ज्या खडकातून निघतं, तो आपल्या देशात फार थोडा आहे. उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, पण तेवढ्यावर भारताची गरज भागत नाही. उरलेलं बाहेरून आणावं लागतं आणि त्यात मोरोक्कोचा वाटा मोठा आहे. जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के साठा या एका देशाच्या नावावर मांडला जातो. म्हणून तिथे कोण पैसा गुंतवतं, कशात गुंतवतं आणि तिथल्या माणसाच्या पदरात काय पडतं, हे आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

खुरिब्गा हे तिथलं खाणींचं मोठं केंद्र. ओसीपी या सरकारी मालकीच्या कंपनीची स्थापना 1920 सालची, म्हणजे फ्रेंच अमदानीतली. पूर्वी इथला खडक रेल्वेने किनाऱ्यावर जायचा. 2014 पासून तो दळून, पाण्यात कालवून, जमिनीखालच्या नळातून जातो. खुरिब्गा उंच पठारावर आहे, त्यामुळे हा गाळ बराचसा उतारानेच वाहत जॉर्फ लास्फर बंदराकडे येतो. मुख्य नळाची लांबी 187 किलोमीटर. बंदरालगत या गाळावर गंधकाम्लाची प्रक्रिया होऊन फॉस्फोरिक आम्ल तयार होतं. याच संकुलात आम्लाचा एक कारखाना ओसीपी, टाटा केमिकल्स आणि चंबळ फर्टिलायझर्स यांच्या भागीदारीत चालतो. गोव्यातल्या झुआरीनगरचा खत कारखाना 2022 मध्ये पारादीप फॉस्फेट्सकडे गेला आणि त्या कंपनीतही ओसीपीचं भांडवल आहे. इतकं आपलं आणि त्यांचं गुंतलेलं आहे.

पण मोरोक्को केवळ खाणींवर बसून राहिला नाही, हे मला विशेष वाटतं. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, युरोप अवघा 14 किलोमीटरवर असताना, 2007 मध्ये टँजर मेड बंदर सुरू झालं. 2012 मध्ये टँजरजवळ रेनोचा मोटार कारखाना आला, 2019 मध्ये केनिट्राला प्यूजोचा. आज फॉस्फेटपेक्षा मोटारींच्या निर्यातीतून जास्त पैसा येतो. मोटारीतल्या विजेच्या तारांचे जुडगे बांधण्याचं काम तर तिथला मोठा रोजगार झाला आहे. उभ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक तार ठरल्या वाटेने हाताने ओढायची, टोकं जोडायची, चिकटपट्टीने गुंडाळायची. यंत्राला हे अजून नीट जमत नाही. हजारो तरुण मुली पाळ्यांमध्ये हे काम करतात.

गुंतवणूकदार मोरोक्कोत का जातात, याची कारणं स्पष्ट आहेत. राजवट स्थिर आहे. युरोप आणि अमेरिकेशी मुक्त व्यापाराचे करार आहेत. शेजारच्या अल्जीरियात परकीय भागीदाराला अनेक वर्षं 49 टक्क्यांची मर्यादा होती. मोरोक्कोने बहुतेक उद्योगांत तशी अट घातली नाही. 2022 च्या नव्या गुंतवणूक कायद्यात मागास प्रांतांत जाणाऱ्या उद्योगाला जादा अनुदान ठेवलं आहे. 2025 मध्ये बेरेशिदला टाटांचा चिलखती वाहनांचा कारखानाही उभा राहिला.

एक वाद मात्र गुंतवणूकदाराने नजरेआड करू नये. पश्चिम सहारातली बू क्रा ही फॉस्फेटची खाणही मोरोक्कोच्या ताब्यात आहे, पण त्या प्रदेशाच्या मालकीचा प्रश्न सुटलेला नाही. तिथल्या सहरावी लोकांच्या संमतीवाचून केलेले व्यापारी करार वैध नाहीत, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिला.

माझी खरी काळजी वेगळी आहे. यातला बराचसा पैसा टँजरपासून कासाब्लांका आणि जॉर्फ लास्फरपर्यंतच्या किनारपट्टीवर साचला. आतल्या भागात बरेच कामकरी अजून शेतीवर जगतात आणि त्यातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. 2018 नंतर लागोपाठ सहा-सात वर्षं पाऊस रुसला. अल मासिरा हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं धरण जवळजवळ तळाला गेलं. 2025 च्या बकरी ईदला खुद्द राजे मोहम्मद सहावे यांनी कुर्बानी करू नका, असं प्रजेला सांगितलं, कारण मेंढरांची संख्या फार घटली होती. त्याच वर्षीच्या शरदात तरुण रस्त्यावर उतरले. 2030 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मैदानं बांधता, मग दवाखाने आणि शाळा कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. 15 ते 24 वयोगटात तिघांमागे एकाहून अधिक बेकार असलेल्या देशात हा सवाल विचारला जाणारच. कारखाने आले, हे खरं. पण ते शेतीतून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना सामावून घेण्याइतके नाहीत.

आपल्याकडचे काही उद्योजक या देशाकडे वळत आहेत, विशेषतः सिंचनाच्या व्यवसायातले. त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. 2008 च्या हरित मोरोक्को योजनेत ठिबकला भरघोस अनुदान मिळालं. पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर अनेकांनी क्षेत्र वाढवलं, टोमॅटो आणि कलिंगडं युरोपला गेली आणि विहिरी आणखी खोल गेल्या. झागोरा भागात शेवटी कलिंगडाच्या लागवडीवर सरकारलाच मर्यादा घालावी लागली. तेव्हा तिथे जाल, तर नुसत्या नळ्या विकून परत येऊ नका. कागदपत्रांपुरती फ्रेंच शिका, नफा मायदेशी नेण्याचे नियम समजून घ्या, आणि कारखाना काढायचा ठरवलात तर किनाऱ्याऐवजी आतल्या प्रांतात काढा. अनुदानही तिथेच जास्त आहे आणि कामाची वाट पाहणारे हातही तिथेच आहेत.