‘व्हेस्ट’ म्हणजे नक्की कुणाकडे?

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा येथील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वकील नाही. ‘व्हेस्ट’ हे इंग्रजी क्रियापद मला नोकरीत भेटलं. कंपनी शेअर देऊ करते, पण ते हळूहळू ‘व्हेस्ट’ होतात, बहुधा चार वर्षांत. तोवर कागदावर आकडा असतो, हक्क नसतो.

कायद्याच्या मराठीत याला ‘निहित होणे’ म्हणतात. (इंग्रजी परवडलं!) सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या शब्दाला एकच ठरलेला अर्थ नाही. कधी पूर्ण मालकी, कधी नुसता ताबा, कधी ठरावीक कामापुरता अधिकार. म्हणून शब्द दिसला की विचारायचं: कुणाकडे, आणि कुठवर?

1894 च्या भूसंपादन कायद्यात ताबा घेतला की जमीन सरकारकडे निहित व्हायची, तीही सगळ्या बोज्यांतून मोकळी. अक्कलकुवा-धडगावातून धरणामुळे उठून शहादा-तळोद्यात आलेल्यांना हे समजवायला नको. वक्फमध्ये उलट. मालकी अल्लाहची. मुतवल्ली फक्त व्यवस्थापक, त्याच्याकडे मिळकत निहित होत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलनं 1921 मध्येच म्हटलंय. काही मुतवल्लींना हे अजून कळलेलं दिसत नाही.

आता 2006 चा वनहक्क कायदा. त्यात दोन क्रियापदं जोडीनं येतात: हक्क ‘मान्य करणे’ आणि ‘निहित करणे’. मान्य तेच करतात जे आधीपासून असतं. म्हणजे सरकार जमीन दान देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचा नोंद न झालेला हक्क कायद्यात आणतं. साहेबांसमोर हात जोडून ‘द्या हो’ म्हणण्याचं कारणच नाही. मात्र ही पूर्ण मालकी नव्हे. हक्क वारसांना जातो, विकता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे हवी. पट्ट्यावर बायकोचं नाव आहे का, ते आज घरी जाऊन बघा.

आदिवासी नसलेल्या कुटुंबांनाही, आपल्यातल्याही, दावा करता येतो. पण 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ही अट जड आहे, आणि माझ्या मते अन्यायाची.

ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत अर्ज करा. तिथंही पटलं नाही, तर जिल्हा समितीकडे आणखी 60 दिवस. ठरावाची नक्कल आधी मागा, दिवस ठराव झाल्याच्या तारखेपासून मोजायचे.